तात्पुरती सोय: गल्लीतला शेवगा आणि मुक्काम ठोकलेल्या इतर गोष्टी

वाकडी_वाट

गेल्या जुलैत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चेंबरचं झाकण कचऱ्याच्या गाडीखाली येऊन फुटलं. अर्धं आत पडलं, अर्धं चंद्रकोरीसारखं कडेला लटकून राहिलं. चेंबर नक्की कुणाचं हे आजतागायत कळलेलं नाही. पाणीवाले म्हणतात ड्रेनेजचं, ड्रेनेजवाले म्हणतात जुन्या फोन केबलचं, आणि फोनवाल्यांकडे हल्ली माणूसच नाही.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी भल्या माणसानं त्यात एक फांदी खोवली आणि टोकाला लाल फडकं बांधलं. वाऱ्यानं ती पडायला लागली म्हणून समोरच्या काकांनी बुडाशी विटांचे तुकडे टाकले. मग ज्याच्या घरी फरशीचं काम निघालं त्यानं आपला राडारोडा तिथेच रिकामा केला. वरून कुंडीतली जुनी माती कुणी टाकली ते मला माहीत आहे, पण ती बाई हा चर्चेचा धागा वाचते.

फांदी होती शेवग्याची. शेवग्याला निमित्तच लागतं. श्रावणात पानं फुटली, दिवाळीपर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेला, आणि परवा सकाळी दूध आणायला गेले तर पांढरी फुलं. फडकं अजून आहे. विटून गुलाबी झालंय.

गंमत पुढे आहे. मी नव्यानं तक्रार घेऊन गेले. साहेबांनी मोबाईलमधला फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, इथे तर झाड आहे. आता याला हात लावायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल." मी घरी येऊन शोधलं, तर माणूस खरं बोलत होता. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आपल्याकडे. खड्ड्याला कायदा नाही, झाडाला आहे.

तर तुमच्या आसपास 'तात्पुरतं' म्हणून आलेलं आणि मग मुक्काम ठोकलेलं काय काय आहे? घरातलं, ऑफिसातलं, सरकारी, काहीही चालेल. फक्त दुकानांवरच्या खवचट पाट्या नकोत, त्याचे धागे पायलीला पन्नास पडलेत.

हणम्या

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री लिहितो.

फणसपोळी

ती कुंडीतली माती टाकणारी बाई तूच आहेस ना, वाकडे?

कटिंग_चहा

भावाच्या लग्नात अंगणात दिवे लावायला म्हणून गॅलरीच्या खिडकीतून एक वायर बाहेर ओढली होती. दोन दिवसांसाठी. खिडकी नीट लागावी म्हणून चौकटीला छोटी खाच पाडली होती. पुतण्या यंदा दहावीला बसलाय. वायर तिथेच आहे. मध्ये घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं वायरीलाही भिंतीचाच रंग दिला, त्यामुळे आता ती घराचाच भाग वाटते. खिडकी अजूनही लागत नाही.

गोदाकाठ

आमच्या तालुक्याच्या गावी जुना एसटी स्टँड पाडला आणि नवा होईपर्यंत बाजाराच्या मैदानात पत्र्याचा मांडव घालून 'तात्पुरते बसस्थानक' केलं. कंडक्टर आता "तात्पुरता, तात्पुरता, कोण आहे तात्पुरता" असा पुकारा करतात. जुन्या जागेचं नाव झालं 'मोडका स्टँड'. नवा अजून व्हायचाय.

मैदानासमोर ज्यांनी टपऱ्या टाकल्या त्यांच्यातल्या एकानं पक्कं दुकान बांधून वर झोकात पाटी लावली आहे. पत्ता: तात्पुरत्या स्टँडसमोर. बिलबुकावरसुद्धा तोच छापलाय. आमच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत कार्यालयाची खूण म्हणून तेच लिहिलं, तर मुंबईच्या एका मामांचा फोन आला, "लग्नापर्यंत असेल ना तो?"

टिकोजी

सगळ्यात जुना तात्पुरता पाहुणा आयकर. १८५७ च्या उठावानं इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली, म्हणून १८६० साली सरकारचा अर्थखातं सांभाळणारा जेम्स विल्सन, त्यानं तो पाच वर्षांच्या बोलीवर आणला. विल्सनसाहेब त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. कर १८६५ ला ठरल्याप्रमाणे गेलाही, पण दोनच वर्षांत वेगळं नाव घेऊन परत आला, आणि १८८६ च्या कायद्यानंतर त्यानं बूड हलवलेलं नाही.

ठोकळा

@टिकोजी, मग पगाराच्या चिठ्ठीतला तो प्रोफेशन टॅक्सही घ्या. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. दिवस सगळ्यात कमी आणि कापणी सगळ्यात जास्त, हे गणित ज्यानं बसवलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. बाहत्तरच्या दुष्काळासाठी आणला होता म्हणे. दुष्काळ संपला, कर चालूच.

टिकोजी

फेब्रुवारीचं कोडं सोपं आहे. घटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. दोनशे गुणिले अकरा बावीसशे, उरले तीनशे. ते आर्थिक वर्ष संपायच्या आत कधीतरी टाकायचेच, टाकले फेब्रुवारीत.

पण हा कर तात्पुरता नव्हता हो. या कराचा १९७५ चा कायदा मुळातच रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी केला आणि रोजगार हमी ही दुष्काळ संपला की गुंडाळायची गोष्ट नव्हती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांच्या डोक्यातून ही योजना निघाली, पुढे तिचा स्वतंत्र कायदा झाला, २००५ मध्ये केंद्रानं त्याच वाटेवर देशभराचा कायदा केला. माझ्या आईच्या माहेरची माणसं त्या कामांवर खडी फोडायला गेली आहेत. त्या दोनशेंची मला कधी चीड आली नाही. इतर पुष्कळ कापण्यांची येते.

ठोकळा

बरं, मागे घेतो. कर नव्हे, फक्त फेब्रुवारी मागे घेतो.

रानजाई

तात्पुरत्या कायद्यांवर बोलताय आणि मुंबईतल्या पागडीवाल्यांना (एकरकमी पागडी देऊन जुन्या भाड्यात राहणाऱ्यांना) विसरताय? आम्ही गिरगावातल्या चाळीत तिसरी पिढी. १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा हा मुदतीचा कायदा होता. युद्धानंतर घरं मिळेनात, भाडी अवाच्या सवा, म्हणून काही वर्षांपुरता केलेला. मग मुदत संपत आली की वाढवायची, संपत आली की वाढवायची, असं करत करत तो २००० सालच्या मार्चअखेरपर्यंत जगला. त्यानंतर नवा कायदा आला तोही त्याच वळणाचा. जुन्यात तर प्रमाण भाड्याचा, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या भाड्याचा, हिशोब १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यावर बसवलेला!

आजोबांच्या वेळच्या पावत्या आईनं लोखंडी ट्रंकेत ठेवल्यात, सुतळीनं बांधून. पावती हा आमचा सातबारा. चाळीला आग लागली तर आधी ट्रंक काढायची आणि मग बाबांना, असं ठरलंय. (बाबांना मान्य आहे.)

पेठकरी

@रानजाई, ट्रंकेची गोष्ट छान आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही लिहितो. आम्ही मालकाच्या बाजूचे. मालक म्हटलं की लोकांना सोन्याच्या साखळीवाला शेटजी दिसतो. आमच्या आजीला वाटणीत आठ बिऱ्हाडांचा वाडा आला. आठही बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं गोळा केलं तर कौलं शाकारणाऱ्या गड्याची दोन दिवसांची मजुरी निघत नाही. नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा दिली आहे. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, ते काढून बघा, आणि ते मागायला जिना चढायचा तो जिना बघा.

मागची भिंत फुगली तेव्हा दोन टेकू लावले, सागाचे, पावसाळा निघेपर्यंत. त्यांना आता भाडेकरूंनी खिळे ठोकून दोऱ्या बांधल्यात, कपडे वाळत घालतात. एका टेकूवर मीटर बसलाय. आज टेकू काढतो म्हटलं तर तेच लोक भांडायला येतील, की आमचे कपडे कुठे वाळवायचे.

रानजाई

पेठकरी, जिना पडला तर आम्ही पडतो. तुम्ही वाडा बघायला वर्षातून एकदा येता, आम्ही त्या टेकूखालून दिवसातून दहा वेळा जातो. पण चार टक्क्यांचं पटलं. आमचे मालक तर भाडं घ्यायलाही येत नाहीत, मनिऑर्डर करावी लागायची. पावती बुडू नये म्हणून आम्हीच त्यांच्या मागे. धाकटा भाऊ म्हणतो, जगात भाडं घ्या म्हणून मालकाच्या पाया पडणारे भाडेकरू फक्त दक्षिण मुंबईत.

फणसपोळी

धागा भरकटायच्या आत विचारते: फुलं आलीत ना? शेवग्याच्या फुलांची भाजी करतात, कांद्यावर परतून, थोडा ओला नारळ. शेंगांची वाट बघत बसू नका. आणि दारात शेवगा नसावा असं आमची आजी म्हणायची, पण गटारात नसावा असं काही म्हणाली नाही.

साखरझोप

ऑफिस. आमच्या कार्यालयात खातेप्रमुखाच्या दारावर लाकडी पाटी आहे. त्यावर 'प्रभारी' हा शब्द ऑइलपेंटनं रंगवलेला आणि खाली नावाची पट्टी सरकवायची खाच. मी लागल्यापासून पाच पट्ट्या बदलल्या. प्रभारी तोच आहे.

मधल्या काळात एकदा चक्क कायमस्वरूपी माणूस आला. त्याची पट्टी सरकवली, पण वरचा शब्द खरवडायला सुतार मिळेना, म्हणून त्यावर कागद चिकटवला. उन्हाळ्यात डिंक सुटला, कागद पडला, आणि त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली. तेव्हापासून त्या पाटीला कुणी हात लावत नाही.

हणम्या

हाहाहा. पाटीला नारळ फोडा. माझा रुमाल आहे हां वर, विसरलो नाही. आज टंकाळा (टंकायचा कंटाळा) आलाय.

मोडीवाचक

घटनेच्या ३४३ व्या कलमात लिहिलंय की संघाच्या कारभारात इंग्रजी पंधरा वर्षं चालू राहील. म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत. १९६३ लाच कायदा करून तिची सोय पुढेही चालू ठेवली. तात्पुरत्याच्या शर्यतीत माझं हे नाव नोंदवा.

बाकी जागांची नावं हा वेगळाच प्रकार. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली. आमच्या बसचा थांबा अजून 'जकात नाका'. परवा एका लहान मुलानं आजोबांना विचारलं, जकात म्हणजे काय. आजोबा म्हणाले, "इथे उतरतात त्याला जकात म्हणतात."

निवृत्त_मोजपट्टी

बरेच दिवस नुसता वाचतो आहे, आज लिहितो. मी एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं काढली. सगळे हसताय, हसा, मीही हसलो. पण तात्पुरतं कायमचं का होतं हे खुर्चीच्या पलीकडून सांगतो.

तात्पुरत्या कामाला एक मुकादम पुरतो. त्याला फोन केला की तो दोन माणसं, चार घमेली खडी आणि बॅरिकेड घेऊन जातो. खर्च देखभालीच्या हेडमधून. विषय संपला. कायमच्या कामाला अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, तरतूद आहे का ते लेखा विभागाकडून, मग निविदा, मग कार्यादेश. यात आचारसंहिता लागली की फाइल जिथे असेल तिथे बसते.

आता एका झाकणासाठी एवढं कोण करणार? म्हणून वाट बघतात. चाळीस-पन्नास झाकणं फुटली की एकत्र काम निघतं, 'प्रभागात विविध ठिकाणी चेंबर झाकणे बसविणे'. हे 'विविध ठिकाणी' फार महत्त्वाचे शब्द आहेत. तुमचं झाकण यादी झाल्यावर फुटलं असेल तर पुढच्या पन्नासापर्यंत थांबायचं. आणि रस्ता नवा असेल तर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलं तर त्यानंच दुरुस्त करायची मुदत, चालू असतो. आपण मध्ये हात घातला की तो लेखी देतो, रस्ता तुम्ही उकरलात, आता माझी जबाबदारी संपली. म्हणून शहाणा अभियंता हात घालत नाही, फांदी घालू देतो.

वाकडी_वाट यांचं चेंबर तीन खात्यांपैकी कुणाच्याच नकाशात नसेल तर ते कुठल्याच यादीत येणार नाही. रागावू नका, पण शेवगा हा तिथला सगळ्यात टिकाऊ उपाय आहे.

सुलूमावशी

मोजपट्टी काका, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी पहाटे फिरायला गेले आणि अशाच एका उघड्या चेंबरमध्ये पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीव्या वर्षी ऑपरेशन, मग वॉकर. ते रोज तीन किलोमीटर चालायचे, आता हॉलमधून गॅलरीपर्यंत.

तिथे फांदी नव्हती. आदल्या दिवशी होती असं दूधवाला म्हणाला, रात्री कुणीतरी शेकोटीला नेली. मला तुमचे टेकू, वायरी सगळं वाचून हसू येतं, पण त्या यादीत त्यांचं झाकण कितवं होतं हे मला कुणी सांगू शकलं नाही.

निवृत्त_मोजपट्टी

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडेही असं एकदा झालं होतं. त्या वेळी दुसऱ्या दिवशी झाकण बसलं. मान्यता नंतर घेतली. म्हणजे घेता येते.

ठोकळा

सुलूमावशी, सासऱ्यांना नमस्कार सांगा.

कटिंग_चहा

यावर विनोद करायची हिंमत नाही, पण एक करून आलो. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरच्या फुटक्या जाळीवर आम्ही वर्षभर एक प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवला होता, 'सध्या' म्हणून. काल वॉचमनला घेऊन वेल्डरकडे गेलो. जाळी आज दुपारी बसली. पाच मेंबरांनी वर्गणी काढली, सहावा म्हणतोय हे काम नगरपालिकेचं आहे. बरोबरच आहे त्याचं, पण त्याचीच आई रोज तिथून देवळात जाते.

पेठकरी

त्या सहाव्याची बाजू घेतो. आपण खिशातून करत गेलो की त्यांना कधीच करावं लागत नाही. टॅक्स भरायचा आणि वर वेल्डरही आपणच आणायचा?

कटिंग_चहा

मान्य. पावती ठेवलीय, रानजाईंच्या ट्रंकेत टाकायला देतो.

गोदाकाठ

धागा वर काढतोय, चार महिने झाले. वाकडी_वाट, शेंगा आल्या का? मोजपट्टी काकांचे पुढचे पन्नास झाले का?

इकडची बातमी: नव्या स्टँडचं भूमिपूजन झालं. दुसऱ्यांदा.

हणम्या

मला इथे काहीतरी सविस्तर लिहायचं होतं. काय ते आठवत नाही. रुमाल तसाच राहू द्या, धुवून वापरतो.

वाकडी_वाट

शेंगा आल्या, आणि शेंगा कुणाच्या यावरून गल्लीत दोन तट पडले. फांदी खोवणारा कोण होता हे जुलैत कुणालाच माहीत नव्हतं, आता तीन दावेदार आहेत. विटा टाकणारे काका म्हणतात बुडाचा हक्क पहिला. मी मातीबद्दल गप्प आहे. (होय फणसपोळी, मीच. फुलांची भाजी उत्तम झाली होती.)

पण खरी बातमी वेगळी. मागच्या आठवड्यात कुणी मोठे पाहुणे या रस्त्यानं जाणार होते, म्हणून पहाटे माणसं येऊन रस्त्याकडेची झाडं रंगवून गेली. आमच्या शेवग्यालाही खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. त्या गुलाबी फडक्यालाही थोडा चुना लागलाय. काल खोडावर एक आकडाही पडला. म्हणजे झाड आता सरकारजमा.

आणि दुपारी झाकण आलं! खरंच. टेम्पोतून, नवंकोरं, लोखंडी, चौघांनी उचलून उतरवलं. मुकादमाकडे यादी होती आणि यादीत आमची गल्ली होती. त्यानं झाडाकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, साहेबांना फोन लावला. दहा मिनिटं "हो साहेब, झाड आहे साहेब, नाही साहेब, नंबर पडलाय साहेब" चाललं. शेवटी चौघांनी झाकण उभं करून शेवग्याच्या बुंध्याला टेकवून ठेवलं, माझी सही घेतली आणि निघाले.

मी विचारलं, हे असंच राहणार? तर म्हणाला, "नाही हो ताई, तात्पुरतं ठेवलंय."

निवृत्त_मोजपट्टी

झाकण अर्धं रस्त्यावर येत असेल तर आजच त्याला लाल फडकं बांधा. अंधारात कुणीतरी अडखळेल.